कानातली टिकली

कांचनला ते आधी ऐकू आलं, दिसलं नंतर.

ती अंगदच्या मागं वाकून मोळी बांधत होती. पुढं त्याचा कोयता पडत होता. लग्न झाल्यापासून हा आवाज तिच्या कानात होता. नवऱ्यानं आदल्या दिवशी किती घेतलीय, हे तिला त्यावरून कळायचं. जास्त झाली असली की कोयता एकाच जागी दोनदा पडायचा. त्या सकाळी तो एका लयीत पडत होता, आणि त्या लयीत आणखी एक कोयता मिसळला होता. आधी तिला वाटलं, पलीकडच्या उसावर आपटून आवाज परत येतोय. मग तिनं मान वर केली. चार सऱ्या सोडून द्वारका ऊस तोडत होती. अंगदचा हात खाली यायचा तेव्हाच तिचाही यायचा. अंगद थांबला, बाहीनं कपाळ पुसलं. तिकडं द्वारका थांबली, पदरानं कपाळ पुसलं. मग दोघंही पुन्हा वाकली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलंही नव्हतं. बघितलं असतं तर कांचनला बरं वाटलं असतं. बघण्यावरून भांडता तरी येतं.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून गाडी भरायची, आणि दोघांचा मिळून एक कोयता. माणूस एकटं असलं तर तो अर्धा कोयता. द्वारका अर्धा कोयता होती. तिचा नवरा हातभट्टीची पिऊन गेला, तेव्हापासून ती स्वतःच तोडायची आणि स्वतःच बांधायची. बीडकडची ही टोळी दिवाळी झाली की निघायची आणि ऊन तापेपर्यंत कृष्णाकाठी पाचटाच्या कोप्या घालून राहायची. सपाट रानातला ऊस आता यंत्रं तोडत. घराएवढी यंत्रं, आत बसायला माणूससुद्धा लागत नसे. पण पाणथळीतला ऊस, वाऱ्यानं लोळवलेला ऊस यंत्राच्या दातांत येत नव्हता. तो माणसांच्या वाट्याला यायचा. सोपं काम यंत्रानं नेलं, अवघड तेवढं उरलं. म्हणून अंग पूर्वीपेक्षा जास्त दुखायचं आणि संध्याकाळी दारूच्या टपरीवर गर्दीही जास्त व्हायची.

अंगद पिऊन मारहाण करणाऱ्यातला नव्हता. तो गप्प व्हायचा आणि गप्प होऊन चालत सुटायचा. एकदा असाच तोडलेल्या रानात जाऊन आडवा झाला आणि शेतकऱ्यानं दुसऱ्या कडेनं पाचट पेटवलं. कांचननं धुरात शिरून, त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत बाहेर आणलं होतं. तेव्हापासून दिवस कलला की तिच्या पोटात गोळा यायचा. टपरीची वाट तिच्या पायांना डोळे झाकून पाठ झाली होती. दारूला ती सवत म्हणायची. पण त्या सवतीला तोंड नव्हतं. आता तोंड आलं होतं, आणि ते द्वारकाचं होतं.

याची सुरुवात हंगामाच्या पहिल्या महिन्यात झाली. सांगलीहून डॉक्टर रेहाना मुल्ला एक गाडी घेऊन कोप्यांवर आल्या. उंच, सावळ्या, बोलताना हातवारे करणाऱ्या बाई. सगळ्यांना गोल बसवून त्यांनी समजावलं.

मेंदूतून एक लांब मज्जातंतू निघतो आणि मानेतून उतरून छातीत, पोटात जातो. काळीज सावकाश चालवायचं, श्वास संथ करायचा, हे त्याचं काम. त्याची एक बारीक फांदी कानाच्या वाटीत येते, कातडीच्या अगदी जवळ. तिथं विजेचे हलके टिचके दिले की काळीज शांत होतं आणि दारूची तलफ ओसरते. एवढं डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. अडचण अशी होती की यंत्राचे टिचके एकसारखे असत. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी थोड्या वेळानं ऐकू येईनाशी होते, तसं शरीर त्याकडं दुर्लक्ष करायला शिकायचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की टिचके यंत्राचे कशाला, जिवंत माणसाचे देऊ. एकाचा श्वास आणि नाडी त्या क्षणाला जशी चालू आहे, तशीच दुसऱ्याच्या कानात उतरवायची. जिवंत माणसाचा एक श्वास दुसऱ्या श्वासासारखा नसतो, म्हणून शरीर कंटाळत नाही.

"आईच्या छातीवर मूल निजतं," मुल्ला मॅडम म्हणाल्या, "तेव्हा आई काही औषध देत नाही. तिची छाती नुसती वरखाली होत असते."

दोन अटी होत्या. कुणाचाही श्वास कुणालाही चालत नाही, मोजणी करून जुळवावा लागतो. आणि ही वाट एकतर्फी नाही. ताल जुळलेला राहायचा तर घेणाऱ्याचंही थोडं देणाऱ्याच्या कानात परत जावं लागतं. एकाला तलफ आली की दुसऱ्याच्या घशाला कोरड पडते. दुसऱ्यानं घोटभर पाणी पिऊन श्वास सोडला की पहिल्याचा घसा निवतो. त्यासाठी दोघांच्याही कानाच्या वाटीत एक गोल चकती चिकटवायची. चकती एवढीशी की बायांनी तिला पहिल्याच दिवशी टिकली म्हणायला सुरुवात केली.

टोळी आणणाऱ्या निवृत्ती मुकादमानं हाळी दिली, "चला, कोयत्याकोयत्यानं या!" आणि मोजणी झाली. अंगदच्या कोयत्याचीही झाली. यंत्रानं त्याला जोड काढली ती द्वारकाची. पुढं त्याला दवाखान्यात नेऊन औषधांनी अंगातली दारू उतरवली, आणि परत आल्यावर टिकली लावली. तेव्हापासून तो टपरीवर गेला नव्हता.

टोळीत सगळ्यात जोरात कांचननंच देवापुढं नारळ फोडला होता. आता तेच खोबरं तिच्या घशात अडकलं होतं.

पाण्याच्या टाकीपाशी पारूबाईनं तिला गाठलं. टोळीतल्या सगळ्यांच्या बातम्या पारूबाईकडं असत.

"काय गं कांचन, नवरा लई गुणाचा झाला म्हन."

"झाला की."

"तुझी टिकली कपाळावर, तिची कानात. कपाळावरची घामानं पडती गं. कानातली न्हाई पडत."

"पारूबाई, घागर भरली तुमची. सांडायली."

"सांडू दे. तहान लागायली तुझ्या नवऱ्याला आन पानी पियाली द्वारका. आमी आपलं बघतो आन गप बसतो."

पारूबाई कधीच गप्प बसली नव्हती. पण तिनं सांगितलं ते खोटं नव्हतं. कांचनलाही आता दुसरं काही दिसत नव्हतं. दिवस कलायला लागला की अंगदची मान ताठ व्हायची, नजर टपरीच्या वाटेवर जायची. नेमकी तेव्हाच द्वारका आपल्या कोपीपुढं उठायची, माठातून तांब्या भरायची आणि उभ्यानं पाणी प्यायची. लांब, सावकाश घोट. इकडं अंगद डोळे मिटून खांदे खाली सोडायचा. त्याच्या ओठांवर जे समाधान यायचं ते कांचननं लग्नाच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "अवं, कसं वाटतं हो तवा?"

"कवा?"

"ती पानी पिती तवा."

अंगद शेंगा फोडत होता. त्यानं खरंखरं सांगायचा विचार केला, हीच त्याची चूक. "कसं सांगू. पाठीला पाठ लावून कुनीतरी बसल्यागत वाटतं. बोलत न्हाई, काय न्हाई. नुसतं बसतं."

"कुनीतरी म्हंजी?"

"म्हंजी... कुनी बी न्हाई."

"द्वारका म्हना की. नाव घ्यायला लाजायलाव व्हय?"

"आक्का हाय ती माझी."

"तोंडानं आक्का. कानानं काय?"

अंगद हसला. "येड लागलंय तुला."

"माझ्या पाठीला काय काटे हायेत का? यंत्रानं तिलाच कशी निवडली? एवढी वर्सं मी काढली तुमच्या मागं, टपरीवरून आनलं, धुरातनं वढलं, आन श्वास जुळला कुनाशी तर तिच्याशी!"

भाकरी तव्यावर करपली. अंगदनं ती निमूटपणे खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाला. पूर्वी पिऊन आल्यावर तो जेवायचाच नाही. आता बरं बोलायला लागला होता, आणि प्रत्येक बऱ्या शब्दागणिक कांचनला वाटायचं, हा शब्द चार कोप्या सोडून पलीकडून आलाय.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी काम बंद होतं. दुपारी बाया कॅनॉलवर धुणं घेऊन गेल्या. बाकीच्या आटोपून परतल्या, कांचन आणि द्वारका दोघीच राहिल्या. द्वारकाला केस धुवायचे होते. तिनं कानातली टिकली काढली, फणीशेजारी दगडावर ठेवली आणि डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून डोळे गच्च मिटून पाण्यात वाकली. तिच्या मानेवर उन्हानं रापलेली एक रेघ होती. केस पांढरे व्हायला लागले होते. दिसायला तिच्यात काहीच नव्हतं, आणि त्यानंच कांचन जास्त पेटली. देखणी असती तर समजून घेता आलं असतं.

कांचननं दगडावरची टिकली उचलली. उन्हानं ती कोमट झाली होती. तिनं ती पाण्यात टाकली. टिकली बुडालीसुद्धा नाही, तरंगत, गोल फिरत, धारेबरोबर निघून गेली.

द्वारकानं केस पिळले, दगड चाचपला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग कांचनकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.

"गेली वाटतं पान्यात," ती म्हणाली.

"मला काय ठाव," कांचन म्हणाली.

मुल्ला मॅडमची गाडी त्या आठवड्यात येऊन गेली होती. नवी टिकली पुढच्या खेपेला मिळणार होती. दिवस कलला तसा अंगद कान चोळायला लागला. उठला, बसला, पुन्हा उठला. द्वारका आपल्या कोपीपुढं उभी राहून तांब्याभर पाणी प्यायली, उगाच, सवयीनं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"मी हाय की," कांचन म्हणाली. "बसा. पाठीला पाठ लावा."

अंगद बसला. तीही त्याच्याकडं पाठ करून, टेकून बसली. तिनं मनापासून प्रयत्न केला. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तसा लांब श्वास घेतला, सावकाश सोडला. आपली छाती आईच्या छातीसारखी चालावी म्हणून तिनं दात आवळले. पण श्वास अर्ध्यात तुटत होता. टपरीच्या वाटेनं माणसं निघाली होती, त्यांचे आवाज येत होते, आणि तिच्या पोटातला गोळा वर चढत होता. तिच्या पाठीला अंगदची पाठ एकदम दूर झाल्याचं जाणवलं.

"जरा जाऊन येतो," तो म्हणाला.

तिनं त्याला थांबवलं नाही.

दिवेलागणीला ती टपरीवर गेली. तो बाकड्यावर मान टाकून बसला होता. तिनं त्याचा हात आपल्या मानेवर घेतला, कंबरेला विळखा घातला आणि त्याला उभं केलं. ते वजन ओळखीचं होतं. वाटेत तो तिचं नाव घेत होता, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाही. कोपीत आणून तिनं त्याचं तोंड धुतलं, चपला काढल्या. आणि तिला बरं वाटलं. मनातल्या मनातसुद्धा तिनं ते नाकारलं नाही. नवरा पुन्हा तिचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडात कोयता एकाच जागी दोनदा पडत होता. कांचन मागं मोळी बांधत होती आणि ऐकत होती. दोनदा. पुन्हा दोनदा. मग एक आवाज असा आला जो उसावर कोयता पडल्याचा नव्हता.

अंगद खाली बसला होता. नडगीवर कोयता बसून मांस उघडं पडलं होतं आणि पाचटावर रक्त पसरत होतं. कांचन मोळी हातात धरून बघत राहिली. चार सऱ्या ओलांडून द्वारका धावत आली, डोक्याचं फडकं सोडून तिनं गुडघ्याखाली करकचून आवळलं आणि ओरडली, "कांचन, इथं दाब! दोन्ही हातांनी दाब, बघत काय बसलीस!" कांचननं दाबलं. बोटांमधून रक्त गरम येत होतं. मुकादमानं गाडी बांधावर चढवली आणि तिघींनी, म्हणजे पारूबाईसुद्धा, अंगदला उचलून आत घातलं.

तालुक्याच्या दवाखान्यात पाय वाचला. हाड चिरलं होतं, तुटलं नव्हतं. दुपारनंतर मुल्ला मॅडम आल्या. दालनाबाहेर बाकावर कांचन आणि द्वारका एकमेकींपासून अंतर ठेवून बसल्या होत्या. मुकादम भिंतीला टेकून उभा होता.

"टिकली कशी काय गेली?" मॅडमनी विचारलं.

"माज्याच हातानं," द्वारका म्हणाली. "केस धुताना. ध्यान न्हाई ऱ्हायलं."

तिनं कांचनकडं बघितलंही नाही. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या तर कांचनला सोसलं असतं. हे सांभाळून घेणं सोसेना. चांगुलपणातही हीच पुढं! ती ताडकन उभी राहिली.

"मॅडम, नवी द्या. पर हिची नगं, माजी लावा. बायकू मी हाय त्यांची. मागल्या बारीला यंत्रानं मला नापास केलं, आता परत बघा. मी श्वास शिकते. तुमी म्हनाल तसा घेते."

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्हाला नापास केलं? तुमची मोजणी कधी झाली?"

"झाली की. समद्यांबरूबर. आमच्या कोयत्याची झाली."

"कोयत्याची म्हणजे?"

"आमच्या दोघांची."

"यंत्रापुढं कोण बसलं होतं?"

"हे बसले की." कांचनला प्रश्न कळेना. "एक बसलं म्हंजी दोघंबी आलंच ना त्यात. मजुरी बी तशीच येती."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग मुकादमाकडं वळल्या. "निवृत्तीराव, टोळीत तीस कामगार आहेत असं तुम्ही मला सांगितलं होतं."

"कामगार न्हाई मॅडम, कोयते म्हनलो व्हतो. अर्धे-पुरे धरून तीस कोयते. तीस आले यंत्रापुढं."

"मग माणसं किती?"

मुकादमानं छताकडं बघितलं, बोटं हलवली, पुन्हा हात खाली सोडले. इतकी वर्षं टोळी आणतोय, पण हा हिशेब त्याच्यापुढं कधी आलाच नव्हता. "मानसं," तो म्हणाला, "मोजावी लागतील."

मॅडम द्वारकाकडं बघत सावकाश म्हणाल्या, "म्हणजे बायकांमध्ये यंत्रानं पाहिलं ते फक्त ज्या एकट्या आहेत त्यांना. कांचनताई, तुम्हाला कुणी नापास केलेलं नाही. तुम्हाला कुणी बघितलंच नाही."

हे ऐकून कांचनला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नापास होण्यातही कुणीतरी समोर बसवून घेतलेलं असतं.

कोप्यांवर मोजणी पुन्हा झाली. या वेळी माणसांची. बाया रांगेत उभ्या राहिल्या, म्हातारी-कोतारी, आणि मॅडमनी हट्टानं मुकादमालाही बसवलं. कांचनच्या बोटाला आणि कानाला तारा लावल्या, समोर पडद्यावर तिची रेघ उमटली. मॅडम बराच वेळ ती रेघ बघत राहिल्या.

"दारू घेता?"

"शिव शिव. काय बोलायलाव मॅडम!"

"अंगदरावांची रेघ त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसातसुद्धा इतकी वरखाली नव्हती. झोप लागते का? छातीत धडधडतं? दिवस कलल्यावर?"

कांचननं मान हलवली. ते आजारात मोडतं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला बायकोपण वाटत होतं.

"पिणारे ते होते, पण पहारा तुम्ही दिलात," मॅडम म्हणाल्या. "शरीर अजून पहाऱ्यावरच आहे. त्याला उतरायचं कसं ते ठाऊक नाही. तुम्हाला श्वास देता येणार नाही. तुम्हाला घ्यावा लागेल."

"कुनाचा?"

मॅडमनी उत्तर द्यायच्या आधीच कांचनला ते कळलं. सगळ्या टोळीत तिच्याशी जुळणारी एकच रेघ निघाली होती.

नियम असा होता की देणाऱ्यावर एकच घेणारा ठेवायचा. दोघांचा भार एका शरीरावर टाकायचा नाही. मॅडम दवाखान्यात खाटेपाशी जाऊन हे सांगायला लागल्या तर अंगदनं त्यांना पुरं बोलूच दिलं नाही.

"तिला द्या."

"आणि तुम्ही?"

"मला दुसरं कुनी बघा." मग तो कांचनला म्हणाला, "त्या सांजच्याला तुज्या पाठीला पाठ लावून बसलो ना, तवा कळलं मला. आत ढोल बडवल्यागत व्हत होतं. म्या म्हनलं, ह्ये माझ्यामुळंच. मला सोसलं न्हाई गं. म्हनून उठून गेलो."

कांचन खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी त्याला दिसू नये एवढंच तिला हवं होतं.

अंगदला जोड निघाली ती निवृत्ती मुकादमाची. ते ऐकून अंगदचा चेहरा असा झाला की पारूबाई पोट धरून हसली. "मुकादम कानात? अरं, त्यापरीस दारू बरी!" मुकादम आधी चिडला, मग मॅडमपुढं त्याचं काही चाललं नाही. पण टिकली लागल्यावर फडात एक फरक पडला. ऊन कललं की मुकादमाचा घसा कोरडा पडायला लागला, आणि पाणी प्यायची सुट्टी पूर्वीपेक्षा लवकर व्हायला लागली.

द्वारकाला मॅडमनी नीट विचारलं होतं. नाही म्हणालात तरी चालेल, असंही सांगितलं होतं.

"हिची तहान कसली म्हनायची?" द्वारकानं विचारलं.

"दारूची नाही. भीतीची आहे. आणखी कशाची असली तर ते तुम्हालाच कळेल."

"ठाव हाय मला कशाची," द्वारका म्हणाली आणि कान पुढं केला.

पायाची जखम भरेपर्यंत अंगद कोपीवर राहिला. भाकरी थापायला शिकला, त्या नकाशासारख्या व्हायच्या. कांचननं त्याचा कोयता हातात घेतला. मुकादम म्हणाला, "तुमी दोगी अर्ध्या अर्ध्या कशाला ऱ्हाता? मिळून एक कोयता लावा." अशी ती द्वारकाच्या शेजारच्या सरीत आली.

पहिल्या दिवशी टिकली लावून ती उसात वाकली आणि पहिला कोयता मारायच्या आधीच थांबली. पाठीला पाठ लावून कुणीतरी बसलं होतं. बोलत नव्हतं, काही मागत नव्हतं. नुसतं बसलं होतं, आणि त्याची छाती वरखाली होत होती. पोटातला गोळा जागच्या जागी सैल झाला. किती वर्षांनी, हे तिला आठवेना. तिनं कोयता मारला. शेजारच्या सरीत त्याच क्षणी कोयता पडला.

आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, हेच. हेच त्यांना हंगामभर मिळत होतं. एवढं मोठं सुख ते माझ्या शेजारी बसून, माझ्या हातची भाकरी खाऊन, हिच्याकडून घेत होते. सैल झालेला गोळा पुन्हा आवळला, तापला. डोळ्यांपुढं ऊस अंधुक झाला. तिनं कोयता उगारला तो जरुरीपेक्षा जोरात.

शेजारच्या सरीत कोयता पडला नाही.

कांचननं वळून बघितलं. द्वारकानं कोयता खाली टाकला होता. एक हात छातीवर दाबून ती पाचटावर बसली होती आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. तिचा चेहरा उन्हानं नव्हे, आतून तांबडा झाला होता.

कांचन सरी ओलांडून गेली. "आक्का? काय झालं? काय व्हायलंय?"

द्वारकानं मान वर केली. "अगं बया," ती म्हणाली. "अजून? एवढं?"

कांचनला कळलं. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. कुणालाही न दाखवलेली गोष्ट दुसऱ्या बाईनं छातीत हात घालून बाहेर काढली होती.

"लागतं का लई?" तिनं हळूच विचारलं.

"निखारा ठेवल्यागत. ह्ये घेऊन तू भाकरी थापत व्हतीस? ह्ये घेऊन मोळ्या वाहत व्हतीस?" द्वारकानं छाती चोळली. "माझ्या मालकाची तहान म्या कवा जानलीच न्हाई बग. तो असता आन ही टिकली असती तर... जाऊ दे. तुज्या मालकाची तहान ह्याच्यापुढं कायबी नव्हती."

"मग काढून टाक," कांचन म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मॅडमनी सांगितलंय, नगं वाटली तर काढा. काढ, फेकून दे."

"कुटं फेकू?" द्वारकानं विचारलं. "कॅनॉलात?"

वाऱ्यानं पाचट सळसळलं. कांचन तशीच उभी राहिली, नवऱ्याचा कोयता हातात धरून. पळून जावं असं तिला वाटत होतं, आणि पाठीला लागलेली ती पाठ मात्र जराही हलली नव्हती.

द्वारका हात टेकून उठली. बांधावर तिची पाण्याची कळशी होती. तिथवर ती सावकाश गेली, तांब्या भरला. कांचनला वाटलं, आता ती आपल्याला पाणी देईल. तिनं हात पुढं केला.

द्वारकानं तांब्या दिला नाही. तिनं तो स्वतःच्या तोंडाला लावला आणि कांचनकडं बघत, उभ्यानं, एक एक घोट घेत तळापर्यंत प्यायली.

भर उन्हात कांचनच्या छातीतून थंड पाणी उतरत गेलं.